पेला आणि पुडी

३ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. फोन केला असता, पण तू तो घरात घेत नाहीस आणि आमचा असतो बाबांच्या उशाशी. ऐकू कमी येतं म्हणून त्यांनी त्याचा आवाज इतका वाढवून ठेवलाय की पलीकडच्याचं बोलणं जिन्यापर्यंत जातं. शिवाय इतर वेळी ठार बहिरे असलेले बाबा आपल्याबद्दल काही चाललंय म्हटलं की शब्दन् शब्द टिपतात. म्हणून हे पत्र.

बाबांच्या ऑपरेशनला वर्ष होत आलं. रात्री सगळं शांत झालं की त्या धातूच्या झडपेची टिकटिक ऐकू येते. बाबा म्हणतात, आता घड्याळाला किल्ली द्यायची कटकट गेली. सकाळी खाली बाइंडिंगच्या दुकानात जातात, खळीचं भांडं गरम करायला ठेवतात, एखाद्या पुस्तकाची शिलाई घालतात आणि मग स्टुलावर बसून राहतात. चेहरा जुन्या कागदासारखा झालाय. मी धाकट्याला फोनवर म्हटलं, तर म्हणाला रिपोर्ट उत्तम आहेत. रिपोर्ट उत्तम आहेत, माणूस उत्तम नाही, हे त्या औषधवाल्याला कोण सांगणार?

माझ्या बोटांचं तुला माहीत आहे. खडू धरता येत नव्हता. शाळेत नकाशा काढायचा तर मुलींना बोलावत होते. दुखण्यावरच्या गोळ्या खाऊन पोटात व्रण झाला, तेव्हा त्या गोळीसाठी आणखी एक गोळी आली. मग मी आहारवाल्या बाईंकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, खाता काय? इतक्या डॉक्टरांचे उंबरे झिजवले, पण हे कुणी विचारलं नव्हतं. आज मी फळाभर नकाशा काढते.

तर महिन्यापासून बाबांना रोज सकाळी एक मोठा पेला देते. पालक, कोबीची वरची गडद पानं, कोथिंबीर, सगळं वाटून, गाळून. गालांवर रंग आलाय. काल जेवणापर्यंत खालीच काम करत होते.

धाकट्याला यातलं काही सांगू नकोस. ऑपरेशनच्या आधी मी एवढंच म्हटलं होतं की थोडे दिवस आहार बदलून बघू. तर त्यानं हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, चार लोकांत मला विचारलं, बाबांना मारायचंय का तुला? तेव्हापासून आम्ही जेवलास का, थंडी आहे का, बहुतेक एवढंच बोलतो. गोळ्या मी बंद केलेल्या नाहीत बरं का. तो वार लिहिलेल्या पुड्या पाठवतो, त्या मी न चुकता देते. मी हट्टी आहे, वेडी नाही.

तुझी थोरली


१० फेब्रुवारी

थोरले,

तुझा पेला माझ्या पोटात गेला असं समज. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रुजू झाले त्या दिवशी आमच्या मोठ्या बाईंनी समोर उभं करून सांगितलं होतं, लाइन जोडायची, ऐकायचं नाही, आणि कानावर पडलंच तर घरी न्यायचं नाही. अर्ध्या शहराची भांडणं, लग्नं आणि लफडी पोटात ठेवून मी निवृत्त झाले. एक शब्द बाहेर गेला नाही. तुझ्या पालकाचं ते काय घेऊन बसलीस.

फोन घरात घेत नाही म्हणून सगळे मला नावं ठेवतात. जन्मभर कानाला लावला, आता कानांना सुट्टी. पत्र कसं, आपल्याला हवं तेव्हा उघडता येतं.

दादा तो पेला पितो याचंच मला नवल वाटतंय. लहानपणी ताटातली पालेभाजी हा मुलगा मुठीत धरून न्हाणीत टाकून यायचा आणि मोरी तुंबली की मार मी खायचे. लेकीसाठी माणूस काय काय करतो. गालांवर रंग आलाय ना, मग झालं. तू पोषण कर, धाकटा औषध करतोय. दोन्ही बाजूंनी आधार असला तर बिघडलं कुठे?

त्याच्याशी सरळ बोललीस तर मला जास्त आवडेल. पण ते तुमचं तुम्ही बघा.

आत्या


४ मार्च

आत्या,

काम असलं की आठवण येते असं म्हणशील, आणि ते खरं आहे.

बाबांचं रक्त घट्ट व्हायला लागलंय. ताईला हे माहीत नाही. तुला नीट सांगतो. झडप धातूची आहे, त्यामुळे रक्त पातळ ठेवावं लागतं, नाहीतर तिच्यावर गुठळी बसते आणि ती सुटून मेंदूत जाऊ शकते. आणि रक्त फार पातळ केलं तर ते कुठूनही वाहू लागतं, थांबत नाही. या दोन्हींच्या मधे एक अरुंद पट्टा आहे. बाबांना त्या पट्ट्यात ठेवायचं, हे गेलं वर्षभर मी करतोय. तपासणीवाला घरी जाऊन रक्त घेतो, ते किती पातळ आहे त्याचा आकडा मला फोनवर सांगतो, त्याप्रमाणे मी इथे आमच्या हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीमागे बसून पुड्या बांधतो. वर्षभर बाबा पट्ट्यात होते. आता अचानक आकडा खाली गेला. मी गोळी वाढवली. तरी खालीच. परवा पुन्हा अर्धी वाढवली.

आमचे हृदयाचे मोठे डॉक्टर दीर्घ रजेवर आहेत. त्यांच्या जागी बसणाऱ्या बाईंना विचारलं तर त्या बाबांना इथे घेऊन या म्हणतील. मग तो प्रवास आणि ताईचा त्रागा. तिला डोस वाढवल्याचं कळलं तर म्हणेल, बघ, तुझी औषधं अशी एकाची दोन होतात. म्हणून तिला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. एवढं तर मला कळतं. रोज हेच करतो.

आता मुख्य प्रश्न. मला वाटतं ताई गोळ्या देत नाही. केराच्या बादलीत टाकत असणार. त्या आहारवाल्या बाईनं तिच्या डोक्यात काय काय भरलंय ते तुला ठाऊक आहे. ती तुला सगळं लिहिते. खरं सांग, ती गोळ्या देते की नाही?

धाकटा


११ मार्च

औषधवाल्या,

देते. न चुकता देते. केराच्या बादलीचं लिहिलंस ते वाचून मला तुझ्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. सख्ख्या बहिणीबद्दल असा संशय घेतोस, आणि तोही मला विचारून.

तू गोळ्यांचं विचारलंस, मी गोळ्यांचं सांगितलं. जेवढं विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं, ही माझी नोकरीतली सवय आहे. बाकी काही विचारायचं असेल तर घरी फोन आहे, त्याच्या पलीकडे तुझी बहीण आहे. तिला विचार, घरात काय चाललंय, बाबा कसे आहेत, काय खातात-पितात. आकड्यांपलीकडेही माणूस असतो.

डोसचं माझ्याकडून बाहेर जाणार नाही.

आत्या


२३ मार्च

आत्या,

धपाटा पोचला. ताईबद्दल मी उगाच वाईट बोललो, पण दुसरं काही सुचत नव्हतं.

चांगली बातमी आहे. तिसऱ्यांदा गोळी वाढवली आणि आकडा पट्ट्यात आला. डोस आता बराच मोठा झालाय, इतका की पुडी बांधताना आमची सहकारी म्हणाली, कुणासाठी रे, हत्तीसाठी? काही माणसांना जास्त लागतं. आता हाच डोस चालू ठेवतो. पुढची तपासणी एप्रिलच्या अखेरीस, तोवर मलाही जरा झोप लागेल.

फोन केला होता. ताईनं उचलला. मी विचारलं, बाबा बरे आहेत? ती म्हणाली, मजेत. तिनं विचारलं, तू बरा आहेस? मी म्हटलं, मजेत. झालं आमचं बोलणं.

धाकटा


२ एप्रिल

आत्या,

बाबा इतके छान आहेत की माझीच दृष्ट लागेल असं वाटतं. वाचनालयाचं मोठं काम घेतलंय, जुन्या नकाशांच्या वह्यांना कातडी पाठी लावायच्या आहेत. शनिवारी मीही खाली जाऊन दोरा ओवून देते.

आहारवाल्या बाई म्हणाल्या, पाया भक्कम झाला, आता घर झाडून काढायचं. म्हणजे पेला बंद. पालेभाजी नाही, डाळ नाही, तेल नाही. फक्त फळांचा रस आणि गाळलेलं सूप, असे थोडे दिवस. त्यानं शरीरातलं वर्षानुवर्षांचं साचलेलं बाहेर पडतं. माझ्या वेळीही त्यांनी हेच केलं होतं आणि त्यानंतरच माझी बोटं सुटली, म्हणून मला भरवसा आहे. परवापासून सुरू केलं.

पेला बंद म्हटल्यावर बाबा नुसतं "बरं" म्हणाले, पण त्या "बरं"मध्ये जरा जास्तच आनंद होता. तुझं मोरीचं आठवून मला हसू आलं.

तुझी थोरली


११ एप्रिल

आत्या,

हे पत्र शाळेतून लिहितेय, मधल्या सुट्टीत.

बाबांच्या दंडावर काळेनिळे डाग आलेत. शाई सांडल्यासारखे. त्यांनी बाही खाली ओढून लपवले होते, मी शर्ट धुवायला मागितला तेव्हा दिसले. कुठे आपटलात, तर म्हणाले आठवत नाही. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. आणि काल कातडं तासायच्या सुरीनं अंगठा कापला. असा अंगठा त्यांनी जन्मात कितीदा कापला असेल. चिंधी बांधायची आणि पुढचं पान घ्यायचं, हे मी लहानपणापासून बघितलंय. पण काल चिंधीवर चिंधी भिजत गेली. जेवायला बसले तेव्हाही थांबलं नव्हतं. मला म्हणाले, धाकट्याला कळवू नकोस, तो उगाच धावत येईल आणि तुम्ही दोघं माझ्या डोक्यावर बसून भांडाल.

मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ही चांगली खूण आहे, घाण बाहेर पडतेय, आता माघार घेतली तर सगळं फुकट. त्यांचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. माझ्या बाबतीत त्यांचं एकही सांगणं चुकलं नाही, म्हणून मी मान डोलावून घरी आले.

पण माझं मन थाऱ्यावर नाही गं. घाण असती तर तिचा रंग असा लालभडक असता का? धाकट्याला विचारलं तर तो पुन्हा तेच म्हणेल, बाबांना मारायचंय का तुला. आणि या वेळी मला त्याला उत्तर देता येणार नाही. तू सांग, मी हे थांबवू का?

तुझी थोरली


१५ एप्रिल

दोघांनाही,

हे पत्र मी कार्बन घालून लिहितेय, एक प्रत थोरलीला, एक धाकट्याला. कुणाला काय लिहिलं हा प्रश्नच नको.

काल दुपारी थोरलीचं पत्र आलं. ते वाचलं आणि धाकट्याचं मार्चमधलं पत्र काढून त्याच्याशेजारी ठेवलं. एक म्हणतोय, मी रक्त आणखी पातळ करतोय. दुसरी म्हणतेय, रक्त थांबत नाही. मला औषधातलं ओ की ठो कळत नाही, पण ही दोन वाक्यं शेजारी ठेवल्यावर कळायचं काय उरतं? चप्पल घातली आणि खालच्या किराणावाल्याकडे फोन मागितला. निवृत्तीनंतर पहिल्यांदा.

धाकट्या, तू खिडकीवर सापडलास. मी पेल्याचं सांगितलं. तू विचारलंस, कसली पानं? मग विचारलंस, बंद कधी केला? मी सांगितलं आणि तू फोन ठेवलास. नमस्कार नाही, काही नाही. त्यावरूनच मला कळलं की मी काय पोटात घेऊन बसले होते.

आमच्याकडे लाइन खराब असली की इकडचा माणूस ओरडायचा आणि आम्ही आवाज वाढवत जायचो. मधेच लाइन साफ झाली की तो ओरडा पलीकडच्याच्या कानावर एकदम आदळायचा. म्हणून आमच्या मोठ्या बाई दोन्हीकडच्यांना आधी सांगायला लावायच्या, आता हळू बोला. मी दोन्हीकडचं ऐकत होते आणि कुणालाच काही सांगितलं नाही. तुम्ही दोघांनी शपथ घातली आणि मी ती पाळली, फुशारकीनं पाळली. मला माझीच लाज वाटते.

सोबत थोरलीची सगळी पत्रं धाकट्याला आणि धाकट्याची सगळी थोरलीला पाठवतेय. जिवाला लागतील, तरी वाचा. दादा कसा आहे ते कुणीतरी कळवा. किराणावाल्याचा नंबर खाली लिहिलाय, पण त्याचं दुकान लवकर बंद होतं.

आत्या


१९ एप्रिल

आत्या,

हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून लिहितोय. त्याच व्हरांड्यातून. बाबा आहेत. अजून आहेत, एवढंच सांगता येतं.

तुझा फोन ठेवल्यावर मी घरी लावला. ताईनं उचलला आणि म्हणाली, मजेत. मी म्हटलं, ताई, आजची गोळी देऊ नकोस, बाबांना घेऊन आत्ता हॉस्पिटलात जा, कारण विचारू नकोस. तिनं विचारलं नाही. बाबा सकाळपासून डोकं दुखतंय म्हणून पडून होते. ती त्यांना उठवायला गेली तर त्यांचा उजवा हात उचलेना. खालच्या शिंप्यानं गाडी काढली. मी रात्रीच्या गाडीनं पोचलो तेव्हा ती बाबांचा चष्मा हातात धरून बसली होती.

मेंदूत रक्तस्राव झालाय. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर काही करता आलं नसतं. आल्या आल्या त्यांनी रक्त गोठवणारं एक इंजेक्शन दिलं, वर रक्तद्रवाच्या पिशव्या लावल्या. आत्या, त्या इंजेक्शनात काय होतं माहीत आहे? एक जीवनसत्त्व. पालकात, कोबीत, सगळ्या हिरव्या पाल्यात भरपूर असतं तेच. ताईचा पेला माझ्या गोळीला अडवत होता म्हणून मी गोळी वाढवत गेलो. मग पेला बंद झाला आणि ती हत्तीची गोळी बाबांच्या अंगावर एकटी सुटली. मला हे माहीत होतं. परीक्षेत मी यावर उत्तर लिहिलंय. गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी आहाराचा कागद दिला होता, तो माझ्याच खणात आहे. ताईला दिला असता तर ती म्हणाली असती, बघ, शेवटी आहारावरच आलात. म्हणून नाही दिला.

डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्ही फार्मासिस्ट ना? मग ते काय खातात, हे विचारलं नाहीत? ताई शेजारीच उभी होती. मला वाटलं, आता ती सगळं वर्षाचं वसूल करेल. ती बाबांचा चष्मा पदरानं पुसत राहिली. नंतर बाकावर बसल्यावर म्हणाली, "मी पेला बंद केला नसता तर?" मी म्हटलं, "तू तो सुरूच केला नसतास तर?" मग मी म्हटलं, "मी विचारलं असतं तर?" आणि ती रडायला लागली आणि मीही.

बाबा डोळे उघडतात. ओळखतात. बोलायला जातात आणि शब्द तोंडाशी येऊन अडतो. डॉक्टर म्हणतात, वाट बघा.

धाकटा


२४ मे

आत्या,

बाबा घरी आले. खालच्या दुकानातच खाट टाकलीय, जिना चढवत नाही. प्रेस, सुया, कातड्याच्या गुंडाळ्या सगळं दिसतं त्यांना. उजव्या हातात जीव नाही. बोलणं एकेक शब्दाचं, पाणी, नको, हो. तुझं नाव घेतलं परवा, नीट घेतलं.

मी बाईंकडे गेले होते. मला त्यांच्याशी भांडायचं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुम्ही मधेच सोडलंत. आत्या, त्या खोट्या नाहीत, त्यांना खरंच तसं वाटतं, आणि मला त्याचीच भीती वाटली. मी उठून आले. पण माझं खाणंपिणं मी बदलणार नाही. माझी बोटं बरी झाली ती माझ्या डोळ्यांदेखत झाली, हे मी धाकट्यालाही सांगितलं. तो म्हणाला, मी कुठे नाही म्हणतोय, पण माझ्या पुड्यांनी बाबा वर्षभर काम करत होते, हेही तुझ्या डोळ्यांदेखतच.

डॉक्टर म्हणतात, पाला खुशाल द्या, पण रोज तेवढाच, आज पेला आणि उद्या नाही असं नको. त्याप्रमाणे गोळी बसवता येते. धाकट्यानं बाजारातून एक स्टीलची वाटी आणलीय. शिजवलेला पालक तेवढाच. तो दर शनिवारी येतो, आणि आम्ही एकमेकांना सगळं सांगतो. जवळजवळ सगळं.

एक गोष्ट तेवढी त्याला सांगू नकोस. बाईंनी निघताना एक पावडर हातात ठेवली होती, गेलेली शक्ती परत आणणारी, मुळ्यांची. कपाटात आहे. अजून दिलेली नाही. बाबा त्या हाताकडे बघत पडलेले असतात, ते मला बघवत नाही. थोडीशी देऊन बघू का?

तुझी थोरली


३० मे

थोरले,

तुझं पत्र वाचून झालं, घडी घातली आणि जसंच्या तसं धाकट्याला पाठवलं. एव्हाना पोचलं असेल. यापुढे ज्या पत्रात कुणाला तरी सांगू नकोस असं असेल, ते त्याच माणसाला जाईल. माझा नवा नियम. माझ्यावर चिडलीस तर चीड, जन्मभर चीड, पण दादा त्या खाटेवर असेतो मी बदलणार नाही.

आत्या


१६ जून

टेलिफोनवाल्या बाईस,

डाव्या हातानं लिहितोय. अक्षराला हसू नकोस. रोज थोडं थोडं लिहिलं म्हणून वेळ लागला.

पुडीत अर्धी गोळी जास्त यायला लागली ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. जन्मभर पुस्तकांची पानं जुळवली, अर्धी गोळी दिसणार नाही? विचारलं नाही. विचारलं असतं तर पोरीला कळलं असतं, मग भांडण. पेल्याचं पोराला सांगितलं असतं तरी भांडण. मला वाटलं, दोघांचं दोघांना करू द्यावं. दोघंही खूश, घरात शांतता. त्या शांततेपायी हात गेला. तुम्ही तिघं एकमेकांना दोष देता, त्यात माझंही नाव घाला.

त्या शनिवारी पोरगा तुझं पाकीट हातात घेऊन दारातूनच ओरडत आला. पावडर कुठे आहे? पोरगी म्हणाली, दिली नाहीये, विचारलं फक्त. तो म्हणाला, मला का नाही विचारलंस? ती म्हणाली, तू असा अंगावर येतोस म्हणून. मग ती पावडर, मग बाई, मग डॉक्टर, मग गेल्या वर्षीचा व्हरांडा, सगळं निघालं. माझ्या उशाशीच. शिंपी डोकावून गेला. पावडर मोरीत गेली, पण तिनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं की यापुढे प्रत्येक पुडीत काय आहे ते तिला आधी सांगायचं. मग वाटी किती भरायची यावरून पुन्हा सुरू झालं. काठोकाठ की काठाखाली.

मी डोळे मिटून ऐकत होतो. किती दिवसांनी घरात असा आवाज होता. पोरं माझ्यासाठी भांडत होती आणि एकमेकांपासून काही लपवत नव्हती. मला इतकं बरं वाटलं की रडू आलं.

मग मी डोळे उघडले. तोंडाशी शब्द येतो आणि अडतो, तुला माहीत आहे. त्या दिवशी अडला नाही. आजारपणानंतरचं माझं पहिलं पुरं वाक्य मी दोघांकडे बघून नीट म्हटलं.

"मला पालक आवडत नाही."

मग पोरगी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून इतकी हसली की तिला बसावं लागलं. आता रोज वाटीत दुसरं काय द्यायचं यावर दोघांची चर्चा चाललीय. कोबी चालेल, असं मी सांगितलंय.

दादा